शिवलेला चेंडू

दिल्लीचा सामना आमच्या गावात तीन दिवसांनी पोचला,
दारव्हा लाइनीवरच्या छोट्या गाडीतून,
गार्डच्या कंदिलाखाली तेलकटलेल्या पेपरात.
ब्रह्मदेश, जपान, अफगाणिस्तान,
आणि कोपऱ्यात: आपण एक, इराण शून्य.

पेपर आधी स्टेशनमास्तरचा,
मग माझ्या बापाचा, पॉइंट्समनचा,
मग माझा,
आणि सगळ्यात शेवटी बकारामचा,
ज्याला अक्षर येत नव्हतं.
मी तो त्याच्यासमोर धुळीत ठेवायचो. हातात नाही.
तशी रीत होती, आणि मी दहा वर्षांचा होतो.
हे कारण मी अजून पुरवून पुरवून वापरतो.

"कोन जिंकलं?"
"आपले."
"बूट कसे होते?"
"आपल्यांच्या पायात नव्हतेच."
मोटेच्या सोंडेत घुसलेली आरी तिथंच थांबली.
"बिनबुटाचे जिंकले?
मंग मी कायले बसलो बाप्पा इथं?"

त्यानं फोटो गुडघ्यावर ओढला.
मला नावं वाचता येत होती, त्याला पाय.
"हा पाह्य, आंगठा फाकला याचा,
लहानपनी चिखलात लय चालला असन.
हा उजव्या टाचेवर भार देत नाही.
दुखते त्याले. सांगत नसन कोनाले.
अन् हा पट्टीवाला...
जखम नाही हे, भेव हाय."
मग खालच्या बारक्या फोटोतले इराणचे बूट.
पेपर डोळ्यांशी नेऊन बराच वेळ.
"दुहेरी टाका हाय, पोरा. पक्कं काम.
ज्यानं शिवले असन ना हे,
त्याले त्या राती झोप नसन लागली."

पुन्हा आरी उचलताना विचारलं,
"चेंडू कायचा असते?"
"चामड्याचा."
"मंग झालं."

आठ दिवसांत त्यानं एक केला.
फाटक्या मोटेचं कातडं,
आत पोस्टमनच्या सायकलची ठिगळं लावलेली ट्यूब.
विहिरीचा वास यायचा त्याला.
धड गोल नव्हता, पळता पळता
हेकट गोऱ्ह्यासारखा डावीकडं वळायचा.

शिवला त्यानं, म्हणून शिवेना कुणी.
दोन्हीला मराठीत एकच शब्द का,
मी पुढं मास्तर झालो, चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं,
कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दोन दिवस चेंडू बाभळीखाली पडून.
तिसऱ्या दिवशी सावजीचा गोविंदा म्हणाला,
"अबे, याले हात लावाचाच नसते!
नियम हाय. पेपरात हाय."
होताच. हात लागला की फाउल.
ज्या नियमावर अख्खा गाव चालत होता
तो इथं नुसता खेळाचा निघाला.

इराण व्हायला कुणी तयार होईना.
माझ्या पायात वहाणा होत्या, म्हणून मी इराण.
त्याही बकारामनंच केलेल्या,
धुळीतल्या माझ्या पावलाचं माप घेऊन,
पायाला बोट न लावता.

उपटलेल्या पऱ्हाटीच्या वावरात,
दोन धोंड्यांच्या मधी, गोलात उकंडा,
बकारामचा पोरगा.
सबंध वावरात हात लावायची मुभा
फक्त त्यालाच.

मी मारला. चेंडू नेहमीसारखा वाकडा गेला,
उकंडानं आडवं पडून छातीशी धरला,
उठला, आणि का कोण जाणे,
आपल्या गड्यांना सोडून माझ्याकडंच फेकला.
मी झेलला.
दोन्ही हातांनी.

"हात! हात!" सगळे ओरडले.
फाउल तर होताच.
कशाचा, ते वावरात कुणी विचारलं नाही,
विचारलं घरी,
अंगणात उभं करून, डोक्यावर घागर ओतताना.

बकाराम धुऱ्यावर बसून होता.
माझ्या पायांकडंच बघत होता, वर नाही.

आंघोळ झाली. जेवण झालं.
रात्रीची गाडी शिट्टी देऊन गेली.
ओंजळ नाकाशी नेली,
तर अजून विहीर.